दोरा आणि क्षितिज

प्रिय ताई,

रविवारी तू मला कायमची तुझ्याकडे न्यायला येतेयस. डोळ्यांसमोर मधोमध धुकं साचलंय, हे खरं. गेल्या महिन्यात गॅलरीवाल्याने चित्र परत केलं. म्हणाला, "बाई, तुमचा समुद्र एका बाजूला कललाय." जन्मभर समुद्रच रंगवला, आणि क्षितिज सरळ येईना. रडले. मग कॅनव्हासवर आडवा दोरा ताणून बांधला. तो डाव्या हाताने चाचपते, उजव्याने रंगवते. लाटा डोळ्यांच्या कडेने दिसतात, तेवढ्या पुरतात. काल गॅलरीवाला नवं चित्र मुकाट्याने घेऊन गेला.

तुझ्याकडे येऊन काय रंगवू? तिथे नळालाही धड पाणी नसतं.

हे पत्र पाठवत नाही, तोंडावरच सांगेन. ये, पोटभर गप्पा मारू. परत मात्र एकटीच जाशील.

तुझी हट्टी धाकटी