नाशपातीची पेटी परत

बोराताई,

नाशपातीची पेटी शोधू नकोस, मी घेऊन गेले आहे. छुसॉकच्या सणाची भेट म्हणून गूसाहेबांनी पाठवली होती खरी, पण ती त्यांच्या मसाल्याच्या पाकिटावरच्या चित्रात पंधराव्यांदा बदल करून घेण्यासाठी. काम मे महिन्यातच संपलंय. ते दर वेळी "फक्त जरासं" म्हणतात आणि मी "हो, बघते" म्हणते, हे तू स्वयंपाकघरातून ऐकतेसच. त्यांची फळं घरात राहिली, तर पुन्हा हो म्हणावं लागेल.

काल तू एक खाल्लीस. तुला काय माहीत, म्हणून रागावले नाही. बाजारातून तेवढीच मोठी आणून रिकाम्या जागी ठेवली. वरच्या रेशमी कापडाची गाठ मात्र पहिल्यासारखी बसेना. पेटी उघडली होती हे त्यांना कळेल. कळू दे.

चालतच जाते आहे. "यापुढे बदल करणार नाही," एवढंच बोलायचंय. पुढे "माफ करा" जोडायचं नाही.

भात कुकरमध्ये आहे, मुळ्याचं सूप गरम करून घे.

आणखी एक. तुझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या दुकानाची पाटी करून देते, असं मी परवा म्हणाले होते. ती मी करणार नाही. तू समोर असतीस तर पुन्हा हो म्हणाले असते, म्हणून लिहिते आहे.

खाली जे खोडलंय, ते "माफ कर" आहे. खोडलेलंच राहू दे.

हेजू