अकरा, पूर्ण

दि. ९, रविवार

दादा,

"छोटीला शिबिराला पाठवणार नाही, विषय संपला." असा कसा संपला? आपली बहीण स्काउट पथकाची उपनायक झाली आणि तू संमतीच्या कागदावर सही करत नाहीस! वर लिहितोस, "उपनायक म्हणजे शेपूट." तुझं शेपूट मीच होतो ना?

नमस्कार राहिलाच. नमस्कार. आईला सांग, खोकला गेला.

शेपटाचं काम तूच मला कान धरून शिकवलंस. नायक पुढे, उपनायक सगळ्यात मागे. कोण लंगडतंय, कोण बसलंय, ते त्यानं बघायचं. आपण अकरा जण; रांग थांबली की पुढून एक-दोन-तीन म्हणत यायचं, शेवटी उपनायकानं आपला आकडा सांगून 'पूर्ण' म्हणायचं. मगच नायकाची शिट्टी.

परवा इथं कोल्ड स्टोरेजमध्ये कडी घालताना मुकादमानं मला विचारलं, "सगळे बाहेर?" दोनदा आत जाऊन पेट्यांमागं बघून आलो. मुकादम म्हणाला, "काय रे, आत बायको लपवलीस का?" सगळे खिदळले.

दादा, त्या दिवशी खाणीजवळ तू बरोबर ऐकलंस. माझ्या पुढचा 'नऊ' म्हणाला. मी 'दहा' म्हणायचं, तर रोजच्या सवयीनं जीभ 'अकरा, पूर्ण' बोलून गेली. लक्षच नव्हतं, घरी पळायची घाई. तू शिट्टी फुंकलीस. आणि रांगेतून मागे राहिलेला गोट्या पाय मोडून पाच तास खाणीत पडून राहिला.

स्काउटच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "मी अकरा ऐकलं." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी तर दहाच म्हणालो."

तुझी शिट्टी काढून घेतली. तू मला एका शब्दानं बोलला नाहीस, स्वतःच्या कानांनाच दोष दिलास. अजून दुकानात गिऱ्हाइकाला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतोस. ते बघवेना म्हणून पळालो मी. कामासाठी वगैरे काही नाही.

सरांनाही हेच लिहिलंय, कालच टाकलं. आता मागे घेता येत नाही.

छोटीला माझ्या मापानं मोजू नकोस. ती ताटं मांडतानासुद्धा माणसं दोनदा बघते. शनिवारच्या आत सही कर. मला शिव्या घालायच्या तर घाल, पण कागदावर घाल, गप्प बसू नकोस.

तुझा खोटारडा,
धाकटा

तिच्या फीचे आणि बुटांचे मिळून पाठवतोय, साडेआठशे.