अंजिरी साडी

म्हैसूर,
शुक्रवार

प्रिय मृण्मयी,

डबा मिळाला की नेहमीसारखा ऑफिसच्या फ्रीजमध्ये ढकलू नकोस. आधी हे वाच. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आहे ते नंतर उघड. आत्या आणि चक्क पत्र, म्हणून हसशील. पण फोनवर तू "बरी आहे गं" म्हणतेस, मीही बरी आहे म्हणते आणि आपलं बोलणं तिथंच संपतं.

इकडे सगळं ठीक. विजयकाका रोज सकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्याला फेऱ्या मारतात आणि येताना डोसा खाऊन येतात, म्हणजे हिशेब तिथल्या तिथे मिटतो. शेजारच्या जयलक्ष्मीबाई रोज दुपारी कुंपणावरून "ऊट झालं काय हो?" विचारतात. त्यांच्या घरचं मराठी तसलंच, अर्धं कन्नड. जेवण झालं का, एवढंच विचारतात. मी हो म्हणते आणि आत आल्यावर मला आठवत नाही, की आपण खरंच जेवलो की नाही. हे अलीकडे बरेचदा होतं. काळजी वाटत नाही, काहीच वाटत नाही.

तुझं लग्न ठरलं आणि थोड्याच दिवसांत तुझा फोन आला. ॲपवरच्या डॉक्टरांनी तुला नकार दिला होता. वजन उतरवायच्या इंजेक्शनाला लागतं तेवढं तुझं वजन नाही म्हणाले. तेव्हा तू मला विचारलंस, आत्या, माझ्याऐवजी तू बसशील का कॅमेऱ्यासमोर? खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही. आपल्या अख्ख्या घराण्यात माझ्या आकाराचा कुणाला तरी पहिल्यांदाच उपयोग होत होता. माझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या बाबांनी फोटोवाल्याला सांगितलं होतं, फोटो गळ्यापर्यंतच काढा. दादाचा हेतू चांगलाच होता. साखरपुड्यात जयच्या आईने तुझा दंड चिमटीत धरून जे म्हटलं, ते मीही ऐकलं होतं. तुला ते पुन्हा ऐकावं लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

डॉक्टरबाई चांगल्या निघाल्या. मला बघून शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. दर महिन्याला तू तुझं उतरलेलं वजन कळवायचीस, मी ते माझ्या वजनातून वजा करून त्यांना सांगायची. एकदा त्या म्हणाल्या, आता चेहऱ्यावरही फरक दिसायला लागलाय. स्क्रीनवर त्यांनाही गळ्यापर्यंतच दिसत होतं. फोन ठेवून मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. वेडीच मी. क्षणभर मलाही फरक दिसला.

इंजेक्शनं माझ्या नावाने माझ्याकडे यायची, मी बर्फ बदलून तुला पाठवायची. पैसे तू वेळेवर धाडत होतीस, आणि खातं वहिनीलाही दिसतं म्हणून दर वेळी त्यावर 'साडी' लिहायचीस. आपली लेक म्हैसूरहून रेशीम मागवते याचं वहिनीला कोण कौतुक! तिने फोन करून रंग विचारले. मी आधी एक अंजिरी सांगितली, काठाला बारीक जर. पुढच्या वेळी मोरपंखी. मला इतक्या थापा सुचतील असं वाटलं नव्हतं. लग्नातला ब्लाउज मात्र खरा होता. देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे तू पाठवलेली मापं दिली, आजची नाहीत, लग्नापर्यंत होतील ती. त्याने ती पुन्हा पुन्हा वाचली आणि ब्लाउज शिवताना शिवणीत भरपूर माया सोडली, मला न विचारता.

मग रक्ताची तपासणी आली. ती पॅकेजातच असते. बन्नूरहून एक बाई येऊन माझं रक्त घेऊन गेली. दुसऱ्या कुणाचं घेणार होती? रिपोर्ट बघून डॉक्टर बुचकळ्यात पडल्या. वजन इतकं छान उतरतंय, मग साखर का चढतेय? शेवटी म्हणाल्या, डोस वाढवू या. मी हो म्हटलं, पैसे भरले आणि कुकर लावायला उठले.

तांदूळ धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. वजन तुझं, रक्त माझं आणि औषधाची चिठ्ठी एक. साखर माझी चढली म्हणून वाढवलेला डोस तुझ्या पोटात जाणार होता. आणि आदल्याच दिवशी तू मला सांगितलं होतंस, की पोटात पाणीही ठरत नाही, ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, पण आत्या, आता ब्लाउज होईल बघ. जेवण नको वाटतं तसं लग्नही नको वाटतं, जयचा फोन आला तरी काही वाटत नाही, असंही म्हणाली होतीस. त्यावर मी काय म्हणाले? होईल सगळं नीट.

मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आधी त्यांनी तुझी विचारपूस केली. म्हणाल्या, मुलीला आजच थांबवा, आणि समोर बसवून तपासतील अशा डॉक्टरांकडे पाठवा. मग म्हणाल्या, तुम्हाला मधुमेह आहे, हे तुमच्या लक्षात आलंय ना? माझ्या नव्हतं आलं. रिपोर्टवर नाव माझंच होतं. पण इतके महिने तुझे आकडे माझे म्हणून सांगत होते, हा रिपोर्टही मी तुझाच असल्यासारखा वाचला होता.

विजयकाकांना सगळं सांगितलंय. सोमवारी ते मला इथल्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. तुझ्याजवळ उरलेलं इंजेक्शन टोचून घेऊ नकोस, आणि तूही डॉक्टरांकडे जा, स्वतःच्या नावाने. माझ्यावर रागावशील, तर रागाव. नवी मागणी रद्द झाली, पैसे परत आले. म्हणून या डब्यात इंजेक्शन नाही. वर्तमानपत्रात अंजिरी साडी आहे, काठाला बारीक जर, वहिनीला सांगितली होती अगदी तशीच. दुकानात ती खांद्यावर टाकून बघितली आणि मला रडू आलं, किती दिवसांनी कोण जाणे. दुकानदार घाबरून दुसरा रंग दाखवायला लागला. ती घरी ने आणि आईसमोर उघड. बाकीच्या साड्या कुठे आहेत, असं ती विचारेलच. तेव्हा तिला सांग.

तुझीच,
जयूआत्या