त्यांच्या घरची भिशी

माय,

काल आष्टीला जाऊन आले. ज्यांच्या रानात तू खुरपायला, कापूस वेचायला जायचीस, त्या घरच्या धाकट्या सुनेचं आता बसस्टँडसमोर शेवया-पापडांचं मोठं दुकान झालंय. आपण त्यांना धाकट्या बाई म्हणायचो. त्या मागेच वारल्या, गल्ल्यावर आता त्यांची सून बसते. मी तुझं नाव सांगून त्यांची मुलगी म्हणाले, तशी ती उठून उभी राहिली आणि गिऱ्हाईक तसंच ताटकळत ठेवून माझ्यासाठी खुर्ची आणायला आत गेली. इतकी वर्षं मुख्याध्यापिका म्हणून मिरवले मी, पण काल तुझी मुलगी एवढंच पुरलं. माझी छाती अशी फुगली की विचारू नकोस.

तुझी भिशी लोकांना आजही नीट समजावून सांगावी लागते. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आपल्या बौद्धवाड्यातल्या बायकांना बँक दारात उभं करत नव्हती आणि सावकार आधी अंगावर काय आहे ते बघायचा. तू मजुरीला जाणाऱ्या बायका जमवल्यास. बाकीच्या भिशांमध्ये जिची चिठ्ठी निघेल तिला पैसे मिळत. तुला ते बिलकुल पटायचं नाही. चिठ्ठीला काय कळतंय कुणाची नड आहे ते, म्हणायचीस. जिला धंदा उभा करायचा तिला आधी, हा तुझा हिशेब. एकीनं त्यातून बाजारात भाजीचं पाल लावलं, एकीनं नवऱ्याला सायकल दुरुस्तीचं सामान घेऊन दिलं. पैसे दिले म्हणजे झालं, असं तुझं नव्हतंच. भाजीवालीच्या पालावर जाऊन, मेथी शिळी दिसली की चारचौघांत तिला झापायचीस आणि मग तीच जुडी विकत घ्यायचीस. भिशी दर महिन्याला एकेकीच्या घरी बसायची आणि जिच्या घरी बसेल तिनं चहा करायचा. मला ती नुसती चहाची हौस वाटायची.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी डी.एड.च्या वसतिगृहातून घरी आलेली आणि तुझ्याबरोबर कापूस वेचायला येत होते. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडून आपण बसलोय आणि धाकट्या बाई लांब उभ्या न राहता अगदी जवळ येतात. नवरा हैदराबादेला दुसरं घर करून बसलाय, सासूनं रस्त्याकडची एक खोली दिलीय, पदरात दोन लेकरं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मावशी, मला बी घेता का भिशीत? शेवयाचं मशीन घ्यायचंय. माझ्या नावावर काहीच न्हाई, भावकीत बी कोणी देईना."

मला हसू आलं आणि संतापही. त्यांच्याच वाड्यावर आपल्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा तू माझ्यावर डोळे वटारलेस. सासूचा राग सुनेवर काढायचा नाही, एवढंच म्हणालीस. मग त्यांच्याकडे वळलीस. "घेऊ की. पन भिशी बारीबारीनं समद्यांच्या घरी बसती. तुमची बारी आली की आमी समोरच्या दारानं येऊ. चहा तुमी करायचा अन् आमच्यासंगं बसून प्यायचा. कबूल असंल तर सांगा."

त्या तशाच बांधावरून परत गेल्या. आठवडाभरानं आपल्या घरी आल्या, तुझ्या हातचा चहा प्यायल्या आणि कबूल म्हणाल्या. पुढच्याच महिन्याचे पैसे तू त्यांना दिलेस, आणि परतूरहून रेल्वेनं जालन्याला त्यांच्याबरोबर मशीन निवडायलाही गेलीस.

चैत्रात त्यांच्या खोलीसमोर पिठाचे डबे घेऊन बायकांची रांग लागली. त्या दांडा फिरवायच्या, थोरली लेक तार हातावर झेलून बाजेवर वाळत घालायची. आणि नेमकी वैशाखात, मी सुट्टीला आलेली असताना, त्यांची बारी आली. सासूनं बजावलं होतं, त्या बाया दारात आल्या तर मशीन रस्त्यावर फेकीन. गल्लीतल्या बायका पीठ आणायच्या बंद होतील हे तर दिसतच होतं. भिशीतल्याच काहीजणी म्हणाल्या, जाऊ द्या, हप्ता बराबर देते ना. मीही म्हणाले, माय, कशाला तिच्या पोटावर पाय देतेस. तेव्हा तू जे बोललीस ते मी शाळेत पुढे कितीदा तरी सांगितलं. "आपले पैसे चालतेत अन् आपले पाय चालत न्हाईत, असं झालं तर मंग आपन बी सावकारच की."

आपण निघालो. धुतलेली लुगडी, डोक्यावर पदर. गल्लीत दारादारात माणसं. सासू ओसरीवर बसलेली. धाकट्या बाई दारात आल्या, या मावशी म्हणाल्या आणि आपल्याला सतरंजीवर बसवून स्वतः तुझ्या मांडीला मांडी लावून बसल्या. चहा आला तो पाहुण्यांच्या निळ्या फुलांच्या कपांत. सासू बाहेरूनच म्हणाली, आता ते कप फोडावे लागतील.

"फोडा," धाकट्या बाई जागेवरूनच म्हणाल्या. "मी नवे आनीन. माझ्या कमाईचे."

सासू उठून आत गेली. मशीन कुणी फेकलं नाही. गल्लीतली रांग मात्र खरंच तुटली. मग तू काय केलंस, आपल्या बौद्धवाड्यातल्या घराघरांतून पीठ मळवून घेतलंस आणि आपल्या बायकांची रांग तिथे लावलीस. ज्यांना सणाला वाटीभर शेवया पुरायच्या त्यांनी त्या वर्षी डबे भरून केल्या. शेवयांचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. पंधरवड्यात गल्लीतल्या बायका नाक मुरडत का होईना, परत आल्या आणि आपल्या बायकांच्या मागे उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी धाकट्या बाईंनी दुसरं मशीन घेतलं, तेही भिशीतूनच. आणि त्याच्या पुढच्या वर्षी भाजीवालीला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी पैसे घ्यायची स्वतःची बारी तिला सोडली. माय, आज कर्ज कसं द्यावं यावर शिकलेली माणसं मोठमोठी बोलतात. मी मागे बसून ऐकते आणि मनात म्हणते, माझ्या आईकडे यायला हवं होतं तुम्ही.

तू आता नाहीस, हे पत्र टपालपेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. मी सगळ्यांना, कालसुद्धा त्या सुनेला, हेच सांगितलं की त्या दिवशी माझी आई कुणाला घाबरली नाही. पण मी तुझ्या शेजारीच बसले होते. तुझा कप बशीवर सारखा वाजत होता. तो आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तू कप दोन्ही हातांनी धरलास आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलीस.