उलट्या ज्वाळांची गाडी

मी, विजयमाला शांताराम तोरस्कर, वय वर्षे सहासष्ट, राहणार कोपरखैरणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मी स्वप्नात हरवते हे खरे, पण ती सवय शाळेपासूनची आहे, तिला कोणी म्हातारचळ म्हणू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे असेल ते, माझा एकुलता मुलगा आशुतोष आणि सून प्राची यांना समान. आशुतोषने मला खारघरला राहायला बोलावले होते. मी गुडघ्यांचे निमित्त केले. खरे म्हणजे त्याच्या हॉलमध्ये माझे काचेचे कपाट मावत नव्हते.

कलम २. त्या कपाटात एकेचाळीस ‘टर्बोवीर’ आहेत. ही खेळण्यातली शर्यतीची गाडी. दारे उघडून बॉनेट उलटवले की तिचाच यंत्रमाणूस होऊन उभा राहतो. आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यात ती बनत असे आणि मी स्टिकरच्या टेबलावर होते. पहिली निळी, रबरी टायरची. मग पांढरी, लाल पट्ट्याची. मग काटकसरीची, प्लॅस्टिकच्या टायरची. परदेशी जाणारी, जिच्या खोक्यावरचा मुलगा गोरा होता. आणि एक अशी, जी खरे तर जगात यायचीच नव्हती. साच्यातला रंग बदलताना पहिले काही तुकडे निळे-पांढरे मिसळून निघत आणि दळून टाकले जात. त्यातले जमवून एक अख्खी गाडी मशीनवाल्या बंडूने मला दिली. ऊन खाडीकडून तिरपे आले की ती गाडी आभाळाची वाटते. डोळा लागला की एकेचाळीस जण हळूच उभे राहतात, दारांचे हात पसरतात आणि माझ्याकडे बघतात.

कलम ३. यातल्या चाळीस गाड्या भाविका ठोसर हिला द्याव्यात. रविवारी वाशीला आम्ही जुन्या खेळण्यांचे वेडे जमतो, त्यातली ही सर्वांत धाकटी. गाडी हातात घेण्यापूर्वी ती हात पुसते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिलीप सामंत माझ्या कपाटाला ‘आजींची भातुकली’ म्हणतात. त्यांना काहीही देऊ नये. साक्षीदार म्हणून मात्र त्यांना बोलावले आहे, कारण ते दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि नेहमी घरी असतात.

कलम ४. हे कलम लिहायलाच मी बसले आहे.

गाडीच्या दोन्ही दारांवर ज्वाळांचे स्टिकर लागत. गाडी पुढे धावते म्हणून ज्वाळा मागे वळलेल्या. डाव्या दाराची शीट वेगळी, उजव्याची वेगळी, कोपऱ्यात एक बारीक इंग्रजी अक्षर. सकाळी शीटा वाटायचे काम माझे, कारण मी मॅट्रिक पास. डावे दार मी करायची, उजवे समोर बसणाऱ्या बोनकोड्याच्या यशोदाबाई भोपी. त्या सातवी शिकलेल्या, इंग्रजी येत नसे, पण त्यांचा हात माझ्याहून सफाईचा. १९८८ सालच्या श्रावणात एका सकाळी मी अशीच कुठेतरी हरवले होते. त्यांना डाव्या शीटा दिल्या, स्वतः उजव्या घेतल्या. माझ्यावरचा विश्वास म्हणून त्यांनी विचारले नाही. दुपारपर्यंत तीनशे गाड्यांच्या ज्वाळा उलट्या, पुढे वळलेल्या.

सुपरवायझरने विचारले, “शीटा कोणी बदलल्या?” मी खाली बघत राहिले. तो यशोदाबाईंना म्हणाला, “वाचता येत नाही तर बसता कशाला इथे?” जेवणाच्या सुट्टीआधीच त्यांना घरी पाठवले. जाताना त्या माझाच डबा उन्हातून उचलून सावलीत ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डोक्यावर माशांची पाटी घेतली. मी आणखी अकरा वर्षे नोकरी केली.

तशाच बाजारात गेलेल्या त्या तीनशे गाड्या आज सगळ्यांना हव्या असतात. कारण गाडीचा माणूस केला की दारांचे हात होतात आणि फक्त या चुकीच्या गाडीतच ज्वाळा वर जातात, जणू हातांत दिवे आहेत. आम्हा जमवणाऱ्यांच्या यादीत तिच्यापुढे लिहिले आहे: ‘एका अडाणी कामगार बाईची चूक’. हे वाक्य माझ्यासमोर मोठ्याने वाचले गेले, सगळे हसले आणि मीही हसले. त्याची मला फार लाज वाटते.

भाविकाने ते वाक्य खोडून लिहावे: ‘चूक विजयमाला तोरस्कर यांची. नोकरी गेली यशोदाबाई भोपी यांची.’ यादी दुरुस्त झाल्यावरच चाळीस गाड्या तिच्या हाती द्याव्यात.

कलम ५. एकेचाळिसावी, उलट्या ज्वाळांची गाडी यशोदाबाईंना द्यावी.

पुरवणी, त्याच दिवशी. मी मेल्यावर त्यांना हे कळावे, हा मला भेकडपणा वाटला. म्हणून आज त्यांना घरी बोलावून सगळे वाचून दाखवले. चौथे कलम त्यांनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, “सदतीस वर्सं. गावान आजून बोलतान, येशीनं कंपनीचा माल नासवला. तुना माहीत व्हता?”

मी म्हटले, माहीत होते.

मी कपाटातून गाडी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. विचारले, “या कागदावर कोनाची सही लागतं?” मी सांगितले, दोन साक्षीदारांची, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले.

“मंग मना गारी नको,” यशोदाबाई म्हणाल्या. “पेन दे.”

सबब कलम ५ रद्द. त्या गाडीचे काय करावे, ते मला सुचत नाही.

लिहून देणार: विजयमाला शांताराम तोरस्कर
ठिकाण: कोपरखैरणे, नवी मुंबई. दिनांक १७ ऑगस्ट २०२५

आमच्यासमोर सही झाली. वरचा मजकूर ऐकला.
साक्षीदार १: यशोदाबाई कमळाकर भोपी, बोनकोडे गाव
साक्षीदार २: दिलीप अनंत सामंत