कपाळाची जागा

४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, घर ठीक आहे, न्हाणीघरातला नळ गळायचा थांबला आहे. फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून लिहिते. शिवाय सोबत मास्कवरच्या चित्रांचे नमुने जोडायचे होते. ट्रेसिंग कागदावर आहेत. तुझ्या जुन्या मास्कवर चिकटव आणि आरशात बघ. सपाट कागद बघून ठरवू नकोस.

तुझा आइस हॉकीचा नवा मास्क बुधवारी आमच्या रंगकामाच्या वर्कशॉपमध्ये पोचला. कवच चांगलं आहे, हनुवटीपाशी फायबरचा थर मला वाटला होता त्यापेक्षा जाड निघाला. घासून, पुसून, पांढरा प्रायमर मारून स्टँडवर ठेवला आहे. चेहऱ्यापुढची जाळी अजून बसवलेली नाही. आमचे मालक येता-जाता त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "इंजिनियरबाई, घरचं काम दिसतंय. अजून कोरंच आहे." मी उत्तर देत नाही. दिलं की ते अर्धा तास बोलतात.

आता तुझी मागणी : कपाळावर आईचा चेहरा. तो नको, त्याची कारणं देते. कपाळाचा भाग दोन्ही दिशांनी गोल आहे. कागदावर नीट दिसणारा चेहरा तिथे बसवला की रुंद होतो. हवेची दोन भोकं नेमकी डोळ्यांच्या जागी येतात. तू गोलमध्ये वाकून उभी असतेस, त्यामुळे समोरच्याला कपाळच जास्त दिसणार हे खरं, पण रिंकच्या मध्यावरून तो चेहरा वाटणार नाही, डाग वाटेल. मालकांनी एकदा एका गोलकीपरला सिंह काढून दिला होता. डोळे बोटभर जवळ आले आणि तो बिचारा सगळा हंगाम 'मनी' म्हणून ओळखला गेला.

मी तीन नमुने केले आहेत : तिरके पट्टे, पंख, आणि बर्फाला जाणारे तडे, करड्या-निळ्या रंगात. मला तडे आवडले. लवकर कळव, वरचा पारदर्शक क्लिअर कोट पुरता कडक व्हायला वेळ द्यावा लागतो.

जेवत जा.

ताई


१५ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तुझा निरोप ऐकला. एवढं ओरडायची गरज नव्हती. मी कामावर होते आणि फोनचा स्पीकर चालू होता. मालकांनी सगळं ऐकलं. नंतर एअरब्रश धुता धुता म्हणाले, "बहीण गोल अडवते ना तुमची? आवाजावरून तर गोल मारणारी वाटते."

तुझं म्हणणं, मी पळवाटा काढते आहे. बरं. मग खरं कारण ऐक. दुरुस्तीला आलेले मास्क रोज माझ्या हाताखालून जातात. चकती कपाळावर बसली की रबराचा काळा अर्धगोल उमटतो. जोरात बसली तर रंगाचा टवका उडतो आणि खालचं फायबर उघडं पडतं. तुझा जुना मास्क मागच्या हंगामात माझ्याकडेच आला होता. सगळ्यात जास्त खुणा कपाळावर होत्या. तिथे आईला बसवू? आणि हंगाम संपला की तो मास्क पुन्हा माझ्याच टेबलावर येणार. टवके मीच बुजवायचे.

तू म्हणतेस, म्हणूनच तिथे हवी. आई कायम आपल्यापुढेच उभी राहायची. शेजारचा कुत्रा अंगावर आला तेव्हा हातात नुसतं उलथनं घेऊन कोण पुढे झालं होतं, असं तू विचारलंस. ते मला आठवतं. कुत्र्याहून मी आईलाच जास्त घाबरले होते.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझ्या सामन्यांना आई डोळे मिटून बसायची. चकती तुझ्या बाजूला आली की माझं मनगट धरायची, डोळे घट्ट मिटायची आणि विचारायची, "अडवली का गं?" मी हो म्हटलं की डोळे उघडून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायची. तुला गोलमधून दिसायची ती टाळ्या वाजवणारी आई. घरी येऊन तू विचारायचीस, तो डावीकडचा शॉट पाहिलास का, आणि ती म्हणायची, "पाहिला तर!" माझ्याकडे मात्र बघायची नाही. एकदा गोल झालेला असताना मी मुद्दाम हो म्हटलं. सगळ्या रिंकमध्ये तिने एकटीने टाळ्या वाजवल्या. तू आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हतीस, तेव्हाची गोष्ट. तिने माझं नाव सांगितलं नाही.

बाकी विशेष काही नाही. शेजारी नवे भाडेकरू आले आहेत. भिंतीतून त्यांची भांडी ऐकू येतात, मुलांना रागावलेलं ऐकू येतं. त्रास होत नाही. मी बहुतेक उशिरापर्यंत वर्कशॉपमध्येच असते, तिथला उजेड चांगला आहे.

तडे की पंख, तेवढं कळव.

ताई


२७ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

या वेळी तू ओरडली नाहीस, त्यामुळे निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. आधी हसलीस, मग म्हणालीस, "मग डोळे मिटलेलीच काढ. पण आईच काढ. आणि शुक्रवारी कुरिअर कर."

डोळे मिटले की भोकांचा प्रश्न सुटतो. म्हणजे माझ्याकडे कारण उरलं नाही.

मास्क आला त्या दिवसापासून मी आईलाच काढते आहे. तुला पाठवलेले नमुने त्याच्या मधल्या वेळात केले. तिचा खिडकीतला फोटो टेबलावर लावला आहे. कंपासने मापं घेते, मापं बरोबर येतात, गोलाईचा हिशेबही बरोबर येतो, आणि तरी हात गाल आत ओढतो. ओठ कोरडे होतात. परवा तू सांगितल्याप्रमाणे डोळे मिटलेली काढली. ती सामन्याला बसलेली आई नव्हती.

शेवटचे काही महिने तिचा चेहरा मी रोज पुसला. कोमट पाणी, मऊ फडकं, आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटीखाली. हातांना तोच चेहरा पाठ झाला आहे. तू तेव्हा संघाच्या सराव शिबिरात होतीस. हा टोमणा नाही, उलट बरं झालं. तुझ्याकडे तिचा आधीचा चेहरा शाबूत आहे. माझ्याकडे त्याच्यावर शेवटचा थर बसला आहे, आणि खालचं न बिघडवता तो कसा उतरवायचा हे मला येत नाही.

काल मालकांनी त्यातलं एक चित्र पाहिलं. मी त्यांच्या विनोदाची वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "हिला ओळखणारं आणखी कोण आहे घरी?"

"बहीण आहे. ती दूर असते."

"मग तिला बोलवा की."

"तिचा हंगाम सुरू होतोय."

"तिने नाही म्हटलं?"

"मी विचारलं नाही."

ते आपल्या टेबलाकडे निघून गेले. मी तेव्हाही विचारलं नव्हतं. आई पडून होती आणि तू दर रविवारी फोनवर विचारायचीस, मी येऊ का, आणि मी म्हणायचे, गरज नाही, सगळं व्यवस्थित आहे. औषधं, अंथरूण, डबे, सगळं खरंच व्यवस्थित होतं.

तर शुक्रवारी कुरिअर येणार नाही. दोन्ही बाजूंना तडे रंगवून झाले आहेत. कपाळाची जागा टेप लावून झाकून ठेवली आहे, खाली पांढराच आहे. पहिले सामने जुन्या मास्कवर काढ. त्याचं कवच पक्कं आहे, माझी खात्री आहे. आणि मधे सुट्टी मिळेल तेव्हा ये. माझ्या शेजारी स्टुलावर बस. मी काढेन, तू सांग : इथे गाल भर, ओठ इतके आवळू नकोस, ती अशी नव्हती. चिडून सांगितलंस तरी चालेल. चेहरा जमला तर मास्कवर जाईल. नाही जमला तर ती जागा पांढरी राहू दे, तशीच खेळ. पण ये.

संध्याकाळी कुलूप काढून आत आले की अजून माझ्या तोंडून "आले गं" निघतं. मग मी दिवा लावते.

याला उत्तर लिहू नकोस. घराची किल्ली तुझ्याकडे आहेच, तरी बेल वाजव. मला दार उघडायचं आहे.

तुझी,
ताई