मुद्दाम केलेली चूक

सोमवार, ७ जुलै
आजपासून रोजनिशी. शिक्षकाने स्वतःची प्रगती रोज तपासावी, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. नोकरीला महिना झाला. प्रगती दिसतेच आहे, फक्त लिहायची राहिली होती.
मी मूळचा इतिहासाचा. पण गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि सहावी ब चं गणित माझ्या गळ्यात पडलं. हरकत नाही. हाडाच्या शिक्षकाला विषयाचं काय! वर्षअखेरीला मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला कायम करतील. नाही केलं तर बायकोच्या मामांचं टाइल्सचं दुकान आहेच, पण तो विचारही नको.

मंगळवार, ८ जुलै
फळ्यावर अपूर्णांकाचं गणित चुकलं. खडू ओला होता. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने चूक दाखवली आणि अख्खा वर्ग तुटून पडला.
संकल्प : उद्यापासून कोरडा खडू.

गुरुवार, १० जुलै
खडू कोरडा. फळ्यावर उन्हाची तिरीप. परत चुकलं. वर्गाला पडदा पाहिजे. बायको म्हणाली, माप मात्र तू घेऊ नकोस. आमच्या बेडरूमचा पडदा खिडकीच्या निम्म्यावर संपतो, हे तिच्या अजून डोक्यात आहे. माप बरोबरच होतं. कापड आटलं.

सोमवार, १४ जुलै
आज पोरं बाकं सोडून थेट फळ्यापाशी. एक म्हणतो छेद चुकलाय, दुसरा म्हणतो छेदाचं सोड, अंश बघ. नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई दारात! हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, की बाई, मी मुद्दाम चूक करतो, मुलांनी ती शोधायची.
बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, सहावी ब गणितावरून भांडतेय, हे आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. मुद्दामच असणार. शिकलासवरलेला माणूस इतक्या वेळा उगाच चुकेल का? आतला शिक्षक आपोआप काम करत होता, मलाच पत्ता नव्हता.

गुरुवार, १७ जुलै
स्टाफरूममध्ये माझाच विषय. शनिवारी सगळ्या शिक्षकांसमोर नमुना पाठ. चांगला झाला तर तुम्हाला कायम करायची शिफारस लगेच पाठवते, असं खुद्द मोठ्या बाई म्हणाल्या! बायकोला सांगितलं. तिने विचारलं, मग पडदाही मुद्दामच का? दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांना घरून हेच ऐकावं लागतं.

शुक्रवार, १८ जुलै
मुद्दाम चुकणं वाटतं तितकं सोपं नाही. कुठली चूक करायची ते आधी ठरवावं लागतं. बाकीची गणितं बायकोकडून तपासून घेतली, उगाच धोका नको. चूक तेवढी स्वतः निवडली. दोन अधिक तीन गुणिले चार. डावीकडून सरळ सोडवत गेलं की उत्तर वीस. मी काय करणार, तर आधी तीन चोक बारा करून त्यात दोन मिळवणार आणि ठोकून चौदा लिहिणार! शेंबडं पोरही पकडेल. ही बायकोला दाखवली नाही. तिला काय कळणार यातलं.

शनिवार, १९ जुलै, दुपारी
चौदा लिहिलं आणि थांबलो. एकही हात वर नाही. मी खोकलो. चौदाखाली रेघ मारली. मग अजून एक मारली. काही नाही. मागे बसलेले शिक्षकही स्वस्थ.
मोठ्या बाई म्हणाल्या, शोधा बरं सरांची चूक. चष्मेवालीने फळा वरपासून खालपर्यंत वाचला, उभी राहिली आणि म्हणाली, बाई, आज सरांचं सगळंच बरोबर आहे. आवाजात काळजी होती. सर, बरं नाही का तुम्हाला, असंही विचारलं.
मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर ओरडलो, की अरे, उत्तर वीस यायला हवं!
एकदम सगळे हात वर. शिक्षकांचेसुद्धा.
मग सहावी ब ने एका सुरात कंचेभागुबेव म्हणून दाखवलं. गुणाकार आधी, बेरीज मागून. हे नियम कोण कधी ठरवतं, आम्हाला कळवायची काही पद्धतच नाही.

सोमवार, २१ जुलै
शिफारस गेली नाही. आता गणित मोठ्या बाई स्वतः घेतात. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकायचं. याला निरीक्षण म्हणायचं, असं बाईंनीच सांगितलं, माझी लाज राखायला.
बाई एकदाही चुकल्या नाहीत. वर्ग पेंगत होता.
मधल्या सुट्टीत चष्मेवाली आली. म्हणाली, सर, तुम्ही परत कधी शिकवणार? तुम्ही होतात तेव्हा आम्ही सगळे घरून गणितं करून यायचो. मी फुलून गेलो. का गं, असं विचारलं. तर म्हणाली, करावीच लागायची ना, सर.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, आता हसेल. हसली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिने नुसता चहा पुढे केला.
चहा झाल्यावर बेडरूमची खिडकी परत मोजली. मग पडदा मोजला. कापड आटलेलं नव्हतं. टेप तिच्या हातात दिली आणि म्हटलं, एकदा तू बघतेस का?